गोळीबार, थायलंड आणि आमच्या मंडळाची सहल

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची थायलंडची सहल ठरली आहे. चौदा जणी आहेत. दोन वर्षं भिशी लावून पैसे जमवले, पासपोर्टसाठी आधार कार्डावरच्या नावातल्या चुका दुरुस्त करत फिरल्या, आता तिकिटं हातात यायची बाकी आहेत. बँकॉक, अयुथ्या आणि जमलं तर एखाद्या अरण्यविहारात एक दिवस, असा बेत आहे. नेमकी याच आठवड्यात कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. बाजारात एक माणूस गोळ्या झाडत चाललाय, लोक सैरावैरा पळतायत. खाली लिहिलेलं : 'बँकॉक, आज सकाळी.'

ती आज सकाळची नव्हती. २८ जुलै २०२५ ची होती. बँकॉकमधल्या प्रसिद्ध चतुचक बाजाराच्या शेजारी ओर तोर कोर नावाचा भाजी-फळांचा बाजार आहे. तिथे एकसष्ट वर्षांच्या एका माणसाने पाच जणांना ठार मारलं आणि मग स्वतःवर गोळी झाडली. मेलेल्यांत चार जण बाजाराचे सुरक्षारक्षक होते. रक्षकांशी त्याचा जुना वाद असल्याचं पोलिसांनी सांगितलं. घटना खरी, तारीख खोटी. पण ग्रुपवर तारीख कोण बघतं?

संध्याकाळी विहारात बैठक बसली. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी मला थेट विचारलं, "पोरी, तिथं तर समदी बौद्ध हायेत ना? पंचशील म्हणत्यात, भंतेजींना रोज सकाळी दान देत्यात. मग तिथं असं कसं व्हतं? अन् आम्ही जावं का न्हाई?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जागेवर दिलं : जा. दरवर्षी कोट्यवधी पर्यटक थायलंडला जातात आणि त्यांच्यासाठी तिथला खरा धोका बंदुकीपेक्षा रस्ता आहे. रस्ते अपघातातल्या मृत्यूंच्या प्रमाणात थायलंड जगातल्या वाईट देशांमध्ये मोजला जातो. भाड्याच्या स्कूटरवर हेल्मेटशिवाय बसू नका, हा सल्ला बंदुकीबद्दलच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त जीव वाचवेल. पहिल्या प्रश्नाला मात्र मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलले. तो प्रश्न आपल्यातल्या अनेक तरुणांच्याही मनात असतो म्हणून इथे सविस्तर लिहिते. या लेखात मी एकाही हल्लेखोराचं नाव घेणार नाही. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जण मारले गेले, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत जाहीर केलं होतं की त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. मला ते पटलं आहे.

माघ पौर्णिमेच्या दिवशी

८ फेब्रुवारी २०२०. थायलंडमध्ये त्या दिवशी माखा बुचा होता, म्हणजे माघ पौर्णिमा. वेळुवनात साडेबाराशे अर्हत न बोलावता जमले आणि भगवान बुद्धांनी धम्माचं सार थोडक्यात सांगितलं, त्याची आठवण म्हणून तिथे सरकारी सुट्टी असते. लोक हातात मेणबत्त्या घेऊन विहाराला प्रदक्षिणा घालतात.

त्या दुपारी ईशान्येकडच्या नखोन रत्चसीमा शहरात (लोक त्याला कोराट म्हणतात) लष्करातल्या एका सार्जंटने आधी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आणि त्याच्या सासूला गोळ्या घातल्या. मग लष्करी तळावरून रायफली, मशीनगन, दारूगोळा आणि एक लष्करी गाडी पळवली. वाटेत वाट पा सत्था रुआम या विहाराजवळ माणसं मारली. तिथून तो सुट्टीच्या गर्दीने भरलेल्या टर्मिनल २१ या मॉलमध्ये शिरला. रात्रभर लोक स्वच्छतागृहांत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत दडून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तो मारला गेला, तोवर २९ जण गेले होते आणि पन्नासहून जास्त जखमी होते.

त्या हल्ल्याचं मूळ पैशाच्या व्यवहारात निघालं. लष्कराच्या कल्याणकारी कर्ज योजनेतून घर घेण्याचा व्यवहार होता. अधिकाऱ्याची सासू त्या धंद्यात होती. आपले पैसे बुडवले, अशी त्या सैनिकाची तक्रार होती. जिच्याविरुद्ध तक्रार ती बाई आपल्याच साहेबाच्या घरातली, तर दाद मागायची कुणाकडे? लष्करप्रमुखांनी पत्रकार परिषदेत रडत माफी मागितली आणि वरिष्ठाकडून त्याच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. पण त्याच वेळी असंही म्हटलं की ज्या क्षणी त्याने चाप ओढला, त्या क्षणी तो सैनिक राहिला नाही, गुन्हेगार झाला.

मला हे वाक्य निम्मंच खरं वाटतं. गुन्हेगार तो होताच. मॉलमध्ये मुलांना घेऊन आलेल्या माणसांचा त्याच्या घरकर्जाशी काय संबंध? कारण समजून घेणं म्हणजे माफ करणं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पण चाप ओढण्याच्या आदल्या क्षणापर्यंत तो त्यांचाच सैनिक होता, बंदूक त्यांचीच होती आणि ती चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. वरच्याचा राग वरच्यावर काढता येत नाही, तो खाली उतरतो किंवा समोर येईल त्याच्यावर निघतो. उतरंड म्हणजे काय हे आपल्या समाजाला वेगळं शिकवायला नको.

दुसरी घटना लिहितानाही त्रास होतो. ६ ऑक्टोबर २०२२, नोंग बुआ लाम्फू प्रांतातलं उथाई सावन गाव. तिथल्या बालसंगोपन केंद्रात दुपारी मुलं झोपलेली असताना एक माजी पोलीस सुरा आणि पिस्तूल घेऊन शिरला. त्या दिवशी ३६ जण मारले गेले, त्यांत २४ मुलं. शेवटी त्याने घरी जाऊन बायकोला, तिच्या मुलाला आणि स्वतःला संपवलं. अंमली पदार्थाच्या प्रकरणात त्याला काही महिन्यांपूर्वी पोलीस दलातून काढलं होतं. त्यामुळे सगळीकडे एकच वाक्य फिरलं : 'नशेत होता.' शवविच्छेदनानंतरच्या प्राथमिक तपासणीत मात्र त्याच्या रक्तात अंमली पदार्थ सापडले नाहीत. पिस्तूल रीतसर परवान्याचं होतं. मोठ्या संख्येने बळी मात्र सुऱ्याचे होते, हेही विसरू नये. फक्त बंदुका काढून घेतल्या की संपलं, असं म्हणणाऱ्यांना हे अडचणीचं आहे.

तरी बंदुकांचं गणित आहेच. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार थायलंडमध्ये सामान्य नागरिकांकडे सुमारे १ कोटी ३ लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे साधारण पंधरा. भारतात शंभरामागे पाच आणि अमेरिकेत एकशे वीस, माणसांपेक्षा जास्त. थायलंडमध्ये सरकारी नोकरांना सवलतीच्या दरात बंदूक देणारी योजनाही वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिचं नावच 'कल्याण'. ऑक्टोबर २०२३ मध्ये बँकॉकच्या सियाम पॅरागॉन मॉलमध्ये गोळ्या झाडणारा मुलगा तर चौदा वर्षांचा होता. त्याच्याकडची बंदूक नुसता आवाज करणारी, पण खरी गोळी सुटेल अशी फेरफार केलेली.

म्हणून मावशींना माझं उत्तर असं : तिथली माणसं बौद्ध आहेत, पण तिथलं लष्कर, पोलीस, बंदुकीचा परवाना देणारं कार्यालय आणि घरकर्जाचा धंदा पंचशीलावर चालत नाही. शील माणूस पाळतो, संस्था आपोआप पाळत नाही. आपण थायलंड, श्रीलंका, म्यानमार यांच्याकडे 'आपले देश' म्हणून बघतो. तिथून येणाऱ्या बुद्धमूर्तींसाठी रांगा लावतो. २०२३ मध्ये परभणीहून चैत्यभूमीपर्यंत चालत आलेल्या थाई भिक्खूंना गावोगावी फुलं वाहिली, माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी त्यांच्यासाठी उन्हात उभ्या होत्या. ते प्रेम खरं आहे. पण त्या प्रेमापोटी तिथे हिंसाच नसते असं मानणं भाबडेपणाचं आहे, आणि असा भ्रम तुटला की माणसं उलट टोकाला जातात : 'मग बौद्ध असून काय उपयोग?'

वसई-विरारच्या पलीकडे

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही. ३१ जुलै २०२३, सोमवार, पहाटे पाचचा सुमार. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणारी एक्स्प्रेस पालघर जिल्ह्यातून धावत होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने आपल्या वरिष्ठाला, एका सहायक उपनिरीक्षकाला, सरकारी रायफलने मारलं. मग डब्याडब्यांतून चालत जाऊन तीन प्रवाशांना मारलं. तिन्ही प्रवासी मुस्लिम होते आणि त्याच्यावर पुढे धार्मिक तेढ वाढवण्याचं कलमही लागलं. मीरा रोडजवळ तो पकडला गेला.

इथेही पहिल्या तासाभरात 'मानसिक संतुलन बिघडलं होतं' ही चर्चा सुरू झाली. असेलही, नसेलही. ते न्यायालयात ठरेल. पण ज्याचं डोकं बिघडलंय तो नेमके विशिष्ट धर्माचेच प्रवासी कसे शोधतो, एवढा प्रश्न तरी विचारायला हवा होता.

'वेडा होता' या शब्दाचा माझ्या कामात रोज त्रास होतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट तीच मार खाण्याची शक्यता जास्त. पण अशी प्रत्येक बातमी आली की वस्तीतलं एखादं घर आजारी मुलाला आणखी आत कोंडतं, औषध आणायला जायची लाज वाटायला लागते. एका मुलाची आई मला म्हणाली होती, "ताई, टीव्हीवर तसलं दाखवलं की शेजारीण माझ्या दाराकडं बघती." 'वेडा' म्हटलं की दोन गोष्टी एकदम साधतात : द्वेषाची जबाबदारी कुणावर येत नाही आणि त्याच्या हातात बंदूक देणारं खातं सुटतं.

कोराटचा सार्जंट, उथाई सावनचा माजी पोलीस, पालघरच्या गाडीतला हवालदार. तिघांनाही शस्त्र हाताळायला सरकारने शिकवलेलं. आपल्याकडे सामान्य माणसाच्या घरी बंदूक सहसा नसते. उत्तरेतले गावठी कट्टे आणि टोळ्यांचं जग वेगळं. म्हणून आपल्या भागात या प्रश्नाचं पहिलं टोक सशस्त्र दलांतल्या तक्रार-व्यवस्थेत, कामाच्या तासांत, रजा नाकारण्यात आणि तिथे बिनबोभाट चालणाऱ्या द्वेषात आहे. आपल्यातले कितीतरी तरुण पोलीस आणि निमलष्करी भरतीसाठी पहाटे मैदानात धावतात. हा त्यांचाही प्रश्न आहे.

पहिली काही मिनिटं

आता स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे वरच्या खोलीत माईकसमोर होते. खाली गोळीबार होतोय हे लक्षात आल्यावर ते माईकवरून सांगत राहिले : इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्या स्थानकात पन्नासहून जास्त लोक मेले. पण त्या आवाजाने किती जण वाचले याची मोजदाद होऊ शकत नाही. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं. बाहेर जायचा रस्ता कुठे आहे ही माहिती होती आणि ती शांत आवाजात सांगता आली.

ब्रिटनमध्ये लोकांना तीन शब्द शिकवतात, आपल्या भाषेत ते असे होतील : पळा, लपा, कळवा. क्रमही हाच. पळता येत असेल तर पळायचं, पर्स-पिशवी-चप्पल तिथेच टाकून. आमच्या बायकांना पिशवी टाकायला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. एक जण म्हणाली, "आत पासपोर्ट असतो की." म्हणून पासपोर्ट आणि थोडे पैसे अंगावर, साडीच्या आतल्या पाऊचमध्ये. पळताना आवाजाच्या उलट दिशेने, शक्यतो मध्ये भिंत किंवा खांब येईल असं जायचं. मोकळ्या मैदानात सरळ रेषेत धावण्यापेक्षा आडोशा-आडोशाने.

पळता येत नसेल तर दाराला कडी लागेल अशी खोली. दिवा बंद, मोबाइल सायलेंट, व्हायब्रेटही नको कारण फरशीवर तो घरघरतो. दाराच्या थेट समोर उभं राहायचं नाही, बाजूच्या भिंतीला टेकून बसायचं. दारामागे कपाट, टेबल, जे हलेल ते सरकवायचं. लाकडी दार आणि पत्रा गोळी थांबवत नाहीत, जाड भिंत थांबवते.

फोन सुरक्षित जागी पोचल्यावर. भारतात ११२. थायलंडमध्ये पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५ आणि रुग्णवाहिका १६६९. कुठे आहात, किती जण दिसले, हातात काय होतं, कुठल्या दिशेने गेले, एवढंच सांगायचं. पोलीस आले की धावत त्यांच्याकडे जायचं नाही, हात रिकामे आणि दिसतील असे वर. त्या क्षणी त्यांना तुम्ही कोण ते माहीत नसतं. हातातला काळा मोबाइलसुद्धा घातक ठरू शकतो. व्हिडिओ काढायची इच्छा होईल, ती दाबायची.

एक गोष्ट आपल्या गर्दीसाठी खास सांगते. ६ डिसेंबरची चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव. अशा ठिकाणी खऱ्या गोळीबारापेक्षा गोळीबाराची अफवा जास्त माणसं मारू शकते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस होता, पूल अरुंद होता, गर्दी प्रचंड होती आणि पूल पडल्याच्या अफवेचीही चर्चा झाली. त्यामुळे फटाक्यासारखा आवाज आला म्हणून 'गोळीबार, गोळीबार' असं ओरडायचं नाही. गर्दीत अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर दुमडून श्वासाला जागा ठेवायची, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही, लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरकं तिरकं कडेला सरकायचं. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते अशा दिवशी चोवीस-चोवीस तास उभे असतात. माझी त्यांना विनंती आहे की बाहेर पडायच्या वाटा आणि लाउडस्पीकरवर कोण काय बोलणार हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

त्यानंतरचे दिवस

आपण कमी पडतो ते इथे.

आपल्या समाजाला गोळीबार म्हटलं की एकच तारीख आठवते, ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा जण मारले गेले. पुढे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. एकट्या माथेफिरूने केलेला हल्ला आणि राज्यसंस्थेने चालवलेल्या गोळ्या यांत गल्लत करू नये. राजकीयदृष्ट्या त्या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण ज्याने शेजाऱ्याला रक्तात पाहिलं, त्याच्या झोपेला तो फरक कळत नाही.

रमाबाई नगरातली ती प्रेतं पाहून आलेले शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आपण त्यांना हुतात्म्यासारखं आठवतो, त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम करतो. मी समाजकार्यात आल्यापासून मला त्यांच्याबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. त्या चार-पाच दिवसांत त्यांच्याजवळ कोण बसलं होतं? जेवलास का, झोपलास का, असं कुणी विचारलं होतं का? हा दोषारोप नाही. सगळा समाजच त्या दिवसांत जखमी होता. पण तेव्हा आपल्याकडे मोर्चाची तयारी होती, वकील होते, सत्यशोधन समित्या होत्या आणि घरी एकट्या बसलेल्या माणसाकडे जाणारी माणसं नेमलेली नव्हती. आजही नसतात.

त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराचं जे साधं सूत्र दिलं आहे ते बघा, ऐका आणि जोडून द्या, एवढंच आहे. कोण सुन्न झालंय ते बघा, बोलतील तेवढंच ऐका, पाणी-जेवण-नातेवाईक-डॉक्टर यांच्याशी जोडून द्या. काय पाहिलंस ते सगळं सांग, मन मोकळं होईल, अशी जबरदस्ती करायची नाही. सगळ्यांना गोल बसवून एकदाच सगळं बोलायला लावणाऱ्या बैठका उपयोगाच्या नाहीत, असं हीच संघटना सांगते. आपण मात्र सांत्वनाला जाऊन नेमकं तेच विचारतो : "कसं झालं गं?"

सुरुवातीचे आठवडे झोप न येणं, दचकणं, राग, काहीच न वाटणं हे आजाराचं लक्षण समजू नये. बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटूनही तेच चालू असेल, कामावर जाता येत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर थांबायचं नाही. टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मनाने झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि पुरुषांनी दारूला औषध समजू नये, हे वस्तीत कितीदा सांगावं लागतं ते मलाच माहीत. लहान मुलं बंदुकीचा खेळ खेळायला लागतात, अंथरूण ओलं करतात. रागावू नका, खोटंही सांगू नका.

आपल्यातल्या साधकांसाठी एक सूचना. आनापान सगळ्यांना लगेच मानवतं असं नाही. काहींना डोळे मिटले की तेच दृश्य दिसतं. त्यांना शिबिराला पाठवायची घाई करू नका. उघड्या डोळ्यांनी चालू द्या, भांडी घासू द्या, कुणासोबत तरी राहू द्या. दुखवट्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी किसागोतमीची गोष्ट सांगणाऱ्यांचा तर मला रागच येतो. गोष्ट नीट वाचा. बुद्धांनी तिला 'सगळेच मरतात' असं सांगून परत पाठवलं नाही. मोहरी आणायला पाठवलं. ती दारोदार गेली, प्रत्येक घरात कुणीतरी तिला आपल्या मेलेल्या माणसाबद्दल बोललं. कळायचं ते तिला चालता चालता, माणसांत कळलं. आपण तिच्या हातात मोहरीची वाटी न देता थेट निष्कर्ष देतो.

उथाई सावनमध्ये मुलांच्या शवपेट्यांपुढे खेळणी आणि दूध ठेवलं होतं. वाट रात सामक्खी या विहारात अनेक मुलांना एकाच वेळी अग्नी दिला गेला, सगळं गाव एकत्र उभं होतं. त्याच सुमारास सीएनएनच्या चमूने त्या केंद्रात शिरून चित्रीकरण केलं, त्यावर थायलंडमध्ये संताप झाला आणि वाहिनीला माफी मागून तो व्हिडिओ काढावा लागला. एवढ्या मोठ्या वाहिनीने काढला. आपल्या ग्रुपवरचा कोण काढतो?

पालघरच्या गाडीतला व्हिडिओ आमच्या अभ्यासिकेतल्या नववीच्या मुलाने किती वेळा पाहिला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तो लोकलच्या डब्यात चढायला घाबरू लागला, वर्दी दिसली की डबा बदलायचा. गोळीबाराच्या वेळी तो घरी झोपलेला होता. अमेरिकेत २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर संशोधकांनी पाहणी केली. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांत, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणं जास्त आढळली. आम्ही त्या मुलाच्या फोनमधून व्हिडिओ काढला, मग पंधरा दिवस कुणीतरी मोठं माणूस त्याच्यासोबत लोकलने गेलं. पुढे तो एकटा जायला लागला. व्हिडिओ त्याला पाठवणाऱ्यांत मीही ज्या ग्रुपमध्ये आहे तो ग्रुप होता, आणि तेव्हा मी एका शब्दाने हटकलं नव्हतं.

आता महिला मंडळाच्या ग्रुपवर नियम केला आहे. मृतदेह दिसेल असं काही टाकायचं नाही, आणि कुठलीही क्लिप टाकण्याआधी तारीख आणि ठिकाण शोधायचं. नाही सापडलं तर टाकायची नाही. पहिल्याच दिवशी दोघी रुसून ग्रुप सोडून गेल्या, त्यातली एक परत आली.

सहलीची तयारी चालू आहे. चौदा जणींच्या सात जोड्या केल्या आहेत. प्रत्येकीच्या पाऊचमध्ये पुठ्ठ्याचं एक कार्ड : थायलंडचे तीन क्रमांक, हॉटेलचं नाव थाई लिपीत, रक्तगट, घरचा नंबर. कुठल्याही बाजारात शिरताना आधी बाहेर पडायच्या दोन वाटा बघायच्या आणि हरवलो तर भेटायची जागा ठरवायची. मावशींनी त्यात स्वतःची भर घातली : ज्या जोडीतली एक जण खरेदीत अडकेल, तिथे दुसरीने दाराकडे तोंड करून उभं राहायचं.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात रक्तस्राव थांबवायचा सराव ठेवला आहे. जखमेवर कापड घट्ट दाबून धरायचं आणि मदत येईपर्यंत हात काढायचा नाही, एवढंच शिकायचं आहे. वस्तीतल्या एक नर्सताई येणार आहेत. येताना प्रत्येकाने एक जुनी सुती ओढणी आणा.